पळताना, उडी मारताना लघवी सुटते? खेळणाऱ्या मुली आणि तायांसाठी माहिती

दोरीवरच्या उड्या मारताना, पळताना, व्हॉलीबॉलला ब्लॉकसाठी वर जाताना किंवा नुसतं जोरात शिंकलं तरी थोडी लघवी सुटते, ही गोष्ट आमच्या क्लिनिकमध्ये मुली सगळ्यात शेवटी सांगतात. आलेल्या असतात गुडघा दुखतोय म्हणून, त्याचं सगळं बोलून होतं, आई बाहेर जाऊन बसते आणि मग हळूच, मॅडम अजून एक विचारायचं होतं. पोलीस भरतीसाठी ८०० मीटरची तयारी करणाऱ्या, कबड्डी खोखोवाल्या, जिमला जाणाऱ्या ताया, सगळ्यांकडून तेच ऐकतो. काळी ट्रॅक पँटच घालायची, पॅड लावूनच ग्राउंडवर जायचं, वॉर्मअपच्या आधी तीन तीनदा बाथरूम. काही जणी तर खेळच सोडतात आणि त्याचं आम्हाला फार वाईट वाटतं, कारण यावर व्यायाम आहे आणि नीट शिकून केला तर बऱ्याच जणींना चांगला फरक पडतो.

पहिलं हे डोक्यातून काढा की हे फक्त बाळंतपण झालेल्या बायकांना होतं. लग्न न झालेल्या, अगदी फिट मुलींनाही होतं, उड्या आणि पळणं जास्त असलेल्या खेळात तर जास्तच. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे स्नायू असतात, त्याला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळ्याला खालून आधार त्यांचाच. उडी मारून पाय जमिनीवर आदळले की पोटातला दाब एकदम वाढून खाली येतो, नेमकं तेव्हाच हे स्नायू आवळले गेले पाहिजेत, उशीर झाला किंवा ताकद कमी पडली की लघवी सुटते. मांड्या आणि पोट कितीही मजबूत असलं तरी हे स्नायू आपोआप तयार होतात असं नाही, त्यांचा व्यायाम वेगळा करावा लागतो.

आता व्यायाम. अमेरिकेतले डॉक्टर अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले म्हणून सगळे केगल म्हणतात. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, श्वास चालू ठेवा. चारचौघात गॅस अडवताना मागून आवळतो ना, तसं आवळायचं आणि ते आवळणं पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणून आत वर ओढायचं, मग पूर्ण सोडायचं. सोडणं पण आवळण्याइतकंच महत्त्वाचं आहे. सुरुवातीला बऱ्याच जणी कुल्ले आवळतात, मांड्या दाबतात, श्वास कोंडतात, आणि काही जणी तर संडासला बसल्यासारखा खाली जोर लावतात, त्यानं उलट त्रास वाढतो.

बरोबर होतंय का बघायला घरातला जाड सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळा, कडक खुर्चीवर पुढून मागे असा लांब ठेवून सायकलच्या सीटवर बसतो तसं त्यावर बसा. आवळल्यावर आतला भाग टॉवेलपासून वर उचलल्यासारखा वाटला तर बरोबर. टॉवेलवर दाब वाढला तर चुकतंय, तिथंच थांबा आणि आमच्याकडे येऊन शिकून घ्या, चुकीचं महिनाभर करण्यात अर्थ नाही.

जमायला लागलं की ६ ते ८ सेकंद धरायचं, तेवढीच विश्रांती, असं ८ ते १२ वेळा, दिवसातून ३ वेळा. तीनच सेकंद टिकत असेल तर तीनवरून सुरू करा, लाज वाटायचं काही कारण नाही. शेवटी १० वेळा पटकन आवळून पटकन सोडायचं, कारण उडीला तो वेगच लागतो. आधी झोपून, मग बसून, मग उभं राहून. किमान ३ महिने रोज करावं लागतं, आठ दिवसात काही झालं नाही म्हणून सोडू नका. आणि लघवी करता करता मधेच थांबवून हा व्यायाम करायची सवय अजिबात लावून घेऊ नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

खरी गंमत पुढं आहे. शिंक, खोकला, वजन उचलणं, उडी, याच्या अगदी आधी आवळायची सवय लावायची. मग उठताना श्वास सोडत स्क्वॉट, मग छोट्या उड्या, मग दोरी. पण अख्खे ८०० मीटर आवळून पळायचं नाही हां, स्नायू दमतात.

पाणी बंद करू नका! आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो आणि मुली सकाळपासून घोटभर पाण्यावर ग्राउंडवर असतात, हे आम्हाला अजिबात पटत नाही. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाला जास्त चुरचुरतं, वर उन्हाचा त्रास वेगळाच. चहा कॉफी कमी करा. बद्धकोष्ठता असेल तर ती आधी घालवा, रोज कुंथण्यानं हेच स्नायू ताणले जातात, त्यामुळं ज्वारीची भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी. कोच सरांनाही विनंती, मुलींना पाण्याची आणि बाथरूमची सुट्टी मागायला लावू नका, तुम्हीच द्या.

लघवीला जळजळ, रक्त, ताप, सतत गळणं, किंवा पायात मुंग्या आणि बधिरपणा असेल तर व्यायामाच्या भरवशावर न राहता आधी डॉक्टरांना दाखवा. खाणं कमी पळणं जास्त होऊन ३ महिने पाळीच आली नसेल तरी दाखवा. आणि ओटीपोटात किंवा संबंधाच्या वेळी दुखत असेल तर स्नायू आधीच आखडलेले असू शकतात, अशा वेळी केगल करून त्रास वाढतो, आधी ते सैल करायला शिकावं लागतं.

आमच्याकडं हे सगळं मॅडमच बघतात, पडदा लावलेल्या वेगळ्या खोलीत. आतून तपासणी लागतेच असं नाही, लागली तर आधी समजावून सांगतो आणि तुम्ही नाही म्हणालात तर करत नाही, लग्न न झालेल्या मुलींनी या भीतीनं यायचं थांबू नका. येताना ३ दिवसांची नोंद आणा, किती वाजता काय प्यायलं, कधी लघवीला गेलात, कधी सुटली आणि तेव्हा काय करत होतात. रिसेप्शनवर कारण सांगायची गरज नाही, मॅडमना भेटायचंय एवढंच म्हणा.