एटीएम सेल: चिपमधील जुळणी आणि प्रेषण

एटीएम, म्हणजे असिंक्रोनस ट्रान्स्फर मोड, या पद्धतीत पॅकेटचे (माहितीच्या गठ्ठ्याचे) ५३ बाइटांचे सारखे तुकडे करून पाठवतात. पैसे काढण्याच्या यंत्राशी याचा संबंध नाही. सोलापुरात टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरून घरोघर इंटरनेट आणणाऱ्या एडीएसएल मोडेममधली चिप हेच काम करत असे.

अशा प्रत्येक तुकड्यात, म्हणजे सेलमध्ये, ५ बाइट हेडर (मार्ग सांगणारा माथा) आणि ४८ बाइट माल असतो. चिप मेमरीतून पॅकेट उचलते, शेवटी ८ बाइटांची शेपटी जोडते (त्यात २ बाइट लांबी आणि ४ बाइट सीआरसी, म्हणजे चूक पकडणारा तपासणीचा आकडा) आणि एकूण बेरीज ४८ च्या पटीत यावी म्हणून शेपटीच्या आधी भरण घालते. सोलापूरच्या मागावर टॉवेल सलग विणून मापाला कापतात, तसेच हे कापणे. फरक इतकाच की इथे कमी पडणारा शेवटचा तुकडा टाकून देता येत नाही, तो भरून पुरा करावाच लागतो.

हिशेब पाहा. १,४९२ बाइटांच्या पॅकेटवर पीपीपीओई, इथरनेट आणि एलएलसी या नियमसंचांची आवरणे (त्यांची स्वतःची हेडरे) चढली की १,५२४ बाइट होतात. शेपटीसह १,५३२, भरण ४, म्हणजे ३२ सेल. तारेवर प्रत्यक्षात १,६९६ बाइट जातात, आणि १,४९२ मधलेही काही बाइट पॅकेटच्या स्वतःच्या हेडरचे असतात. म्हणूनच मोडेम २,०४८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) दाखवत असला तरी फाइल उतरण्याचा वेग १,७५० च्या आसपासच अडतो. लाइन खराब आहे असे समजून तक्रार करण्याआधी हा हिशेब करावा.

हेडरमध्ये व्हीपीआय आणि व्हीसीआय हे मार्गाचे आकडे असतात. बीएसएनएलच्या एडीएसएल जोडणीत ते ० आणि ३५ असत. हेडरचे पहिले चार बाइट सोळाच्या पायात ०० ०० ०२ ३० असे निघतात. पॅकेटच्या शेवटच्या सेलमध्ये मात्र ०० ०० ०२ ३२. एका बिटाचा हा फरक, पण पॅकेट कुठे संपले हे समोरच्याला कळण्याची दुसरी खूण नाही. पाचवा बाइट या चारांची तपासणी करतो, मालाची नाही.

तयार सेल छोट्या रांगेत थांबतो. पुढची चिप पूर्ण सेल घ्यायला मोकळी असल्याचा संकेत मिळाल्यावरच तो जातो. पाठवायला काही नसेल तरी तार रिकामी राहत नाही. रिकामे सेल जात राहतात आणि पलीकडे ते गाळले जातात.

बिघाड बहुधा एकाच सेलचा असतो, नुकसान मात्र पूर्ण पॅकेटचे. ३२ पैकी एक हरवला की सीआरसी जुळत नाही आणि उरलेले ३१ फुकट जातात. शेवटचाच हरवला तर दोन पॅकेटे एकमेकांना चिकटतात आणि दोन्ही टाकावी लागतात. व्हीसीआय चुकीचा भरला असेल तर मोडेमचा डीएसएल दिवा स्थिर लागतो, पण लॉगिन होत नाही. अशा वेळी तार तपासत बसू नये, आधी तो आकडा पाहावा.