सोळा मिलिसेकंदांची पंगत

भाच्याने यादी आणली ती वहीच्या मधल्या पानावर. सगळ्यात वर काचेचं कॅबिनेट आणि रंगीत दिव्यांचे चार पंखे, त्याखाली १६ जीबी रॅम, मग प्रोसेसर, आणि ग्राफिक कार्डासमोर नुसतं प्रश्नचिन्ह. एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, यादीत पत्ताच नव्हता. "तो कॅबिनेटबरोबर फुकट मिळतो, मामा." बजेट ३५ हजार. त्यातले ११ हजार त्याने दोन वर्षं हातावर पडलेले पैसे साठवून जमवलेले. मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस घरात आधीपासून होते. ही २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट.

यादी वाईट नव्हती, उलटी होती. आधी खेळ म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने काय काम आहे ते बघू, मग पैसे कुठे टाकायचे ते ठरवू, असं म्हणून मी त्याच वहीत मागच्या पानावर गुणाकार मांडला.

सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. तेवढ्या वेळात त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरला पाहिजे: भिंत की आकाश, उजेडात की सावलीत, मध्ये धूर आहे की नाही. सेकंदाला असे १२ कोटी ४४ लाख निर्णय. आणि एखादं चित्र १६ ऐवजी ४० मिलिसेकंदांनी आलं की डोळ्याला तो झटका लगेच कळतो. सरासरी आकडा छान दिसत असूनही खेळ अडखळल्यासारखा वाटतो तो याच मागे राहिलेल्या चित्रांमुळे.

आता लग्नाची पंगत आठवा. आत आचारी आहेत, मोजकेच पण जाणते. फोडणी झाल्याशिवाय भाजी पडत नाही, भाजी शिजल्याशिवाय खोबरं पडत नाही. एकाचं काम दुसऱ्यावर अवलंबून. हा प्रोसेसर. गोळी कुणाला लागली, चेंडू कुठे उडाला, या क्षणी पडद्यावर कायकाय काढायचं, हे तो ठरवतो. बाहेर पंगतीत वाढपी असतात. त्यांना अक्कल फार चालवायची नसते, पण ते पुष्कळ लागतात, कारण एका पानात भात पडायला शेजारच्या पानातल्या वरणाची वाट बघावी लागत नाही. ठिपक्यांचंही बरंचसं तसंच आहे. म्हणून ग्राफिक कार्डावरच्या चिपमध्ये साधी गणितं करणारे शेकडो-हजारो घटक एकाच वेळी राबत असतात. आमच्या प्रोसेसरला ६ कोअर, म्हणजे सहा आचारी, आहेत. पुढे घेतलेल्या कार्डात असे घटक १७९२.

पंगत उठते ती सगळ्यात सावकाश हाताच्या वेगाने. महागडा प्रोसेसर आणि मरतुकडं कार्ड घेतलं, तर आचारी हात पुसत उभे आणि पानं रिकामी. म्हणूनच गेमिंगच्या कॉम्प्युटरमध्ये पैशाचा मोठा वाटा कार्डाला द्यायचा असतो. अडचण एवढीच, की ३५ हजारांत धड कार्ड घेतलं असतं तर बाकी सगळं कचकड्याचं घ्यावं लागलं असतं. आम्ही कार्डाची जागा रिकामी ठेवायचं ठरवलं, आणि ज्याच्या पोटातच ग्राफिक चिप आहे असा प्रोसेसर घेतला: एएमडीचा रायझन ५ ५६००जी. त्याच्या आतल्या चिपमध्ये वाढपी ४४८ आहेत. थोडे, पण कामचलाऊ नक्कीच.

लॅमिंग्टन रोडला गेलो ते डोंबिवलीहून सकाळची गर्दी ओसरल्यावर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरून. रस्त्याचं नाव कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण एकाही दुकानदाराच्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. तिथे एक गोष्ट आधीच पक्की करून जावी: बिल घ्यायचं. १८ टक्के जीएसटी वाचवायला बिनबिलाचा माल घेतला, तर वॉरंटीच्या वेळी आपण आणि आपलं नशीब.

"सोळा जीबीची एकच स्टिक घ्या, पुढे वाढवता येईल," असं रॅमच्या पट्टीबद्दल पहिल्याच दुकानात सांगितलं गेलं. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. भाचाही मान डोलवायला लागला. मी आठ-आठच्या दोन मागितल्या, आणि त्यामागचं कारण मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत गमतीचं वाटतं.

वेगळ्या ग्राफिक कार्डावर त्याची स्वतःची मेमरी असते. प्रोसेसरच्या पोटातल्या चिपला ती नसते. तिला रॅममधूनच उचलावं लागतं, तेही प्रोसेसरबरोबर वाटून. वाढपी आणि आचारी एकाच कोठीघरातून सामान नेतायत असं समजा. डीडीआर४ ही रॅमची जात, ३२०० हा तिचा वेग. अशी एक स्टिक सेकंदाला ३२० कोटी वेळा ८-८ बाइट देते, म्हणजे २५.६ जीबी. आता समजा, एक ठिपका रंगवायला भिंती-कपड्यांवरचे नमुने वाचणं, काय पुढे नि काय मागे ते तपासणं, रंग लिहिणं असं सगळं धरून २०० बाइटची ने-आण झाली. गुणिले १२ कोटी ४४ लाख. उत्तर येतं सेकंदाला जवळजवळ २५ जीबी. कोठीघराचं दार वाढप्यांनीच अडवलं. आचाऱ्याला मीठसुद्धा मिळणार नाही. दोन स्टिक दोन वेगळ्या चॅनेलवर, म्हणजे प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटांवर, लावल्या की कोठीघराला दोन दारं होतात, आणि वेग ५१.२ जीबी. रॅम तेवढीच, १६ जीबी. खर्चात फरक चहापाण्याचा.

घरी जोडणी झाल्यावर मी हे करून दाखवलं. मदरबोर्डला रॅमचे चार स्लॉट होते. प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा वापरायचा, शेजारी-शेजारी दोन नाही. आधी दोन्ही स्टिक लावून एक शर्यत खेळलो. मग कॉम्प्युटर बंद करून एक काढली, आणि तीच शर्यत, तेच वळण. पडद्याच्या कोपऱ्यातला, सेकंदाला किती चित्रं ते सांगणारा आकडा असा काही घसरला, की भाच्याने विचारलं, "काय बिघडलं?" काहीच बिघडलं नव्हतं. एक दार बंद केलं होतं.

त्यात आणखी एक मेख निघाली. दोन्ही स्टिक परत लावल्यावर सहज बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, डोकावलो, तर रॅम २१३३ वर चालत होती. खोक्यावर ३२०० छापलेलं, पैसे ३२०० चे मोजलेले. अशा बऱ्याच स्टिक पहिल्यांदा सुरू होताना सगळ्या बोर्डांना झेपेल असा सावध वेग धरतात. छापलेला वेग हवा तर बायोसमध्ये एक्सएमपी नावाची नोंद चालू करावी लागते. ती केली आणि सेकंदाला ३४ जीबीचे ५१ झाले, तेही फुकटात. कितीतरी घरांत वर्षानुवर्षं हे बटण कुणी दाबलेलंच नसणार.

तरीही जड खेळ अडखळायचे. तिथे ठिपकेच कमी करायचे. चित्र आतल्या आत १२८० गुणिले ७२० वर रंगवलं तर ठिपके होतात ९ लाख २१ हजार ६००, मूळच्या ४४ टक्के. मग ते पडद्याच्या मापाला ताणायचं. एएमडीने २०२१ मध्ये आणलेलं एफएसआर हे ताणणं कडा सांभाळून करतं. लांबच्या तारा आणि झाडांची पानं थोडी खरखरीत दिसतात. धावताना तिकडे बघतंय कोण.

आता तो फुकटचा डबा. कॅबिनेटबरोबर आलेल्या एसएमपीएसवर ठळक ४५० वॅट लिहिलं होतं. मी भाच्याला बाजूचं बारीक लेबल वाचायला लावलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १८ अँपिअर. गुणाकार २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड, दोघंही जेवतात याच १२ व्होल्टच्या ताटात. बाकी रकान्यांतले वॅट जोडून फुगवलेल्या ४५० चा त्यांना उपयोग नाही. प्रोसेसरला तर प्रत्यक्षात सव्वा व्होल्टच्या आसपास लागतं, ते मदरबोर्ड उतरवून देतो. ५६००जी भरात असताना ८८ वॅट घेतो, म्हणजे १.२ व्होल्टला ७३ अँपिअर. घरातला गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो. नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये एवढा प्रवाह जातो, हे मला अजूनही पचत नाही.

हॉस्टेलवर असताना माझ्या पहिल्या असेंबल कॉम्प्युटरचा असाच फुकटचा डबा एका रात्री फटकन गेला. एकटा गेला असता तर चाललं असतं. जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्कही घेऊन गेला. तेव्हापासून मी डबा वेगळाच घेतो. आम्ही ८० प्लस शिक्क्याचा घेतला. २०, ५० आणि १०० टक्के भारावर तो किमान ८० टक्के वीज कामी लावतो, एवढंच तो शिक्का सांगतो. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र तो नव्हे. त्यासाठी वॉरंटीची वर्षं बघावीत. आणि घरच्या यूपीएसवर ६०० व्हीए लिहिलेलं असलं तरी सहसा तो ३६० वॅटच देतो, हेही लक्षात असू द्या.

हार्ड डिस्कबद्दल फार बोलत नाही. मिनिटाला ७२०० फेऱ्यांची तबकडी एक फेरी ८.३ मिलिसेकंदांत मारते, म्हणजे नुसतं वाट बघण्यात अर्धं चित्र संपलं. तबकडी नसलेली एसएसडी घ्या. तिने चित्रांचा आकडा वाढत नाही, पण खेळ उघडायला लागणारा वेळ वाचतो आणि नव्या भागात शिरतानाचे धक्के कमी होतात. काचेच्या कॅबिनेटऐवजी पुढे जाळी असलेलं घेतलं, साधे दोन पंखे. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतलीच हवा ३५ अंशांवर असते, आणि हा प्रोसेसर ९५ अंशांना पोचला की स्वतःच वेग कमी करतो. काचेमागे कोंडलेला उजेड बघायचा की खेळायचं, एवढाच प्रश्न होता. भाचा दोन दिवस रुसला.

कार्ड आलं दीड वर्षाने, सेकंडहँड. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने खाणकामाची, म्हणजे कार्डांकडून आकडेमोड करवून नाणी कमवायची, पद्धत सोडली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. त्यात आरएक्स ५८० स्वस्तात दिसतं. आम्हाला दाखवलेलं एक मी जीपीयू-झेड या फुकट प्रोग्राममध्ये तपासलं, तर वाढपी २०४८. खऱ्या ५८० मध्ये २३०४ असतात. २०४८ वाल्याची मूळ लायकी ५७० ची, स्टिकर ५८० चं. नमस्कार करून निघालो, आणि बिल व वॉरंटी शिल्लक असलेलं आरएक्स ६६०० घेतलं.

त्यावर स्वतःची ८ जीबी मेमरी, सेकंदाला २२४ जीबी देणारी. ४ जीबीची कार्डं आणखी स्वस्त होती, पण खेळातलं सामान त्या मेमरीत मावलं नाही तर उरलेलं मदरबोर्डावरून आणावं लागतं, आणि आमच्या जोडीत तो रस्ता सेकंदाला ८ जीबीचा. २२४ कुठे आणि ८ कुठे.

कार्ड बसवलं, खेळ लावला. आकडा तोच. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, काढून परत टाकला, तरी तोच. तासभर डोकं खाजवल्यावर भाच्याची आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ही वायर जुन्याच भोकात आहे ना रे?" होती. मॉनिटर मदरबोर्डाला जोडलेला, नवं कार्ड मागे निवांत बसलेलं.

वायर बदलली. आकडा ९० च्या पुढे गेला. भाच्याने मॉनिटरच्या मागचं लेबल वाचलं: ६० हर्ट्झ. म्हणजे ९० पैकी ६० चित्रंच पूर्ण दिसणार. आता पंगत पडद्यापाशी खोळंबली आहे. वहीत नवं पान उघडलंय. यावेळी रंगीत पंखे तळाला आहेत.