लेझरने आयन पळवायचे: ओढून की ढकलून?

धातूच्या पातळ वर्खावर प्रखर लेझरचा स्पंद आदळतो आणि पलीकडून वेगवान आयन (विद्युतभारित अणू) सुटतात. वर्णन बहुतेकदा इथेच संपतं, म्हणून टीएनएसए (टार्गेट नॉर्मल शीथ ॲक्सेलरेशन) आणि आरपीए (रेडिएशन प्रेशर ॲक्सेलरेशन) या आयन पळवायच्या दोन यंत्रणा एकच वाटतात. सोन्यासारखे जड आयन पळवायला घेतले की फरक उघडा पडतो.

टीएनएसएमध्ये प्रकाश आयनांना हातही लावत नाही. तो तापवतो इलेक्ट्रॉनांना. ते वर्ख भेदून पलीकडे ढगासारखे जमतात, मीटरला लाख कोटी व्होल्टच्या घरातलं विद्युतक्षेत्र तयार होतं आणि मागच्या पृष्ठभागावरचे आयन त्यात ओढले जातात. 2000 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने 58 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) पर्यंतचे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे आयन, नोंदवले, त्यांचा खुलासा याच यंत्रणेने केला गेला. गंमत म्हणजे वर्ख शुद्ध सोन्याचा असला तरी आधी प्रोटॉनच निघतात! निर्वातातही त्यावर पाण्याचा नि तेलकट हायड्रोकार्बनांचा नॅनोमीटरभर थर बसलेला असतो. प्रोटॉनचं विद्युतभार-वस्तुमान गुणोत्तर 1 धरू; ते जितकं मोठं, तितका आयन लवकर पळतो. सोन्याच्या अणूचे 79 पैकी 50 इलेक्ट्रॉन उडवले तरी 50 भागिले 197, म्हणजे जेमतेम पाव. प्रोटॉन पुढे पळून मलिदा खातात, सोन्याच्या वाट्याला उरलंसुरलं क्षेत्र येतं. म्हणून जड आयनांसाठी वर्ख आधी तापवून तो थर घालवतात.

आरपीए म्हणजे प्रारणदाबाचा, म्हणजे प्रकाशाच्याच दाबाचा, धक्का. चौरस सेंटिमीटरला 10 चा 20 वा घात इतके वॅट असलेला प्रकाश पूर्ण परावर्तित झाला, तर दाब भरतो सुमारे 6,600 कोटी वातावरणं. हा दाब इलेक्ट्रॉनांचा अख्खा थर रेटतो आणि थर आयनांना सोबत खेचतो (ओढणं इथेही आहेच, पण मागून रेटा प्रकाशाचा). सगळं एकाच वेगाने निघालं, तर प्रत्येक न्यूक्लिऑनला (अणुकेंद्रातल्या प्रोटॉन वा न्यूट्रॉनला) सारखीच ऊर्जा मिळते. जड आयनांना याहून काय हवं? मात्र इलेक्ट्रॉन तापले की खेळ बिघडतो, म्हणून वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश वापरतात; त्याचं विद्युतक्षेत्र गोल फिरतं आणि इलेक्ट्रॉन कमी तापतात. टीएनएसए ज्या उष्णतेवर जगतं, तीच इथे नको असते.

कागदावर आरपीए सरस वाटतं. पण वर्ख काही नॅनोमीटरांचाच लागतो, आणि मुख्य स्पंदाआधी येणारा क्षीण प्रकाशही तो उडवून टाकू शकतो. टिकलाच, तर रेटताना तो ठिकठिकाणी फाटतो, इलेक्ट्रॉन तापतात आणि टीएनएसए आपोआप डोकं वर काढतं. आयनांच्या ऊर्जेच्या वर्णपटात (कोणत्या ऊर्जेचे किती आयन, या आलेखात) आरपीएचं अरुंद शिखर शोधावं, तर बरेचदा टीएनएसएचा लांबलचक उतारच दिसतो.