जॉयस्टिकचा मध्य नेमका कुठे असतो?

छोट्या पडद्यावरचा एक ठिपका जॉयस्टिकने इकडेतिकडे फिरवायचा, एवढाच बेत होता. अर्डुइनो उनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला तारा जोडल्या, प्रोग्रॅम चढवला, वीज दिली. जॉयस्टिकला अजून बोटही लावलं नव्हतं आणि ठिपका डावीकडे सरकायला लागला. सावकाश, पण न थांबता, थेट पडद्याच्या कडेला जाऊन चिकटला. तारा काढून पुन्हा जोडल्या, ठिपका पुन्हा तिकडेच. तारा बिचाऱ्या ठीकच होत्या. काडी सोडली की ती बरोबर मध्यावर येते, हे मी गृहीत धरलं होतं आणि चूक तिथे होती.

जॉयस्टिकच्या पोटात दिशा ओळखणारं काहीच नसतं. एकमेकांशी काटकोनात बसवलेले दोन पोटेन्शिओमीटर असतात, म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणात असतो तोच भाग. पोगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडलेली ही कल्पना फार साधी आहे. रोध असलेल्या पट्टीच्या एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला शून्य, आणि पट्टीवरून सरकणारा एक स्पर्शक, म्हणजे वायपर. वायपर जिथे टेकेल तिथलं व्होल्टेज तो बाहेर देतो. काडी आडवी हलवली की एक वायपर सरकतो, उभी हलवली की दुसरा. तिरकी हलवली तर दोन्ही.

जॉयस्टिक ज्या छोट्या पट्टीवर बसवून मिळते त्या मॉड्यूलवर पाच पिना असतात. ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला, पाच व्होल्टची पिन पाच व्होल्टला, आडव्या आणि उभ्या अक्षाच्या पिना ए झिरो आणि ए वन या व्होल्टेज मोजणाऱ्या अ‍ॅनालॉग पिनांना. पाचवी पिन काडी खाली दाबल्यावर लागणाऱ्या बटणाची. ते बटण दाबल्यावर ग्राउंडला जोडलं जातं आणि एरवी कशालाच जोडलेलं नसतं. अशी लोंबकळती पिन वाटेल ते वाचते, म्हणून बोर्डातला अंतर्गत पुल-अप रोध, म्हणजे पिनेला एरवी ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रोध, चालू करायचा. मग वाचन उलटं येतं: न दाबता १, दाबल्यावर ०.

बोर्डाला व्होल्टेज कळतं कसं, हा यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. उनोवरच्या एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये व्होल्टेजचा आकडा करून देणारा एक परिवर्तक असतो आणि तो चक्क प्रश्नोत्तरांचा खेळ खेळतो. समजा वायपरवर ३.२ व्होल्ट आहेत. २.५ पेक्षा जास्त? हो. ३.७५ पेक्षा? नाही. ३.१२५ पेक्षा? हो. दर प्रश्नाला उरलेली जागा निम्मी होते. असे दहा प्रश्न झाले की ५ व्होल्टची १०२४ घरं पडतात, प्रत्येक घर साधारण ४.९ मिलिव्होल्टचं, आणि आपल्या हाती ६५५ हा आकडा येतो. हा सगळा खेळ सुमारे १०० मायक्रोसेकंदांत आटोपतो. अंगठ्याच्या मानाने ही चैनच.

हा परिवर्तक सहा अ‍ॅनालॉग पिनांत मिळून एकच असतो. तो पाळीपाळीने एकेका पिनेकडे वळतो, एक इवलासा संधारक (विद्युतभार साठवणारा भाग) त्या व्होल्टेजने भरून घेतो आणि मग प्रश्न विचारतो. पट्टीचा रोध फार मोठा असेल तर संधारक वेळेत भरत नाही आणि आधीच्या पिनेचं व्होल्टेज थोडंसं मागे राहतं. आडवी काडी हलवली की उभ्या अक्षाचा आकडाही थरथरतो. म्हणून चिपच्या माहितीपत्रकात स्रोताचा रोध १० किलोओहमपर्यंत ठेवा असं सांगितलेलं असतं. या जॉयस्टिकमधली पट्टी बहुधा १० किलोओहमची असते. वायपर मध्यावर असताना चिपला तिचा परिणाम जास्तीत जास्त २.५ किलोओहम इतकाच जाणवतो, आणि प्रत्येक पट्टी वीज खाते फक्त अर्धा मिलिअँपिअर. निवड विचारपूर्वक केलेली आहे.

संगणकाच्या यूएसबीतून मिळणारे ५ व्होल्ट पुष्कळदा ४.७ वगैरेच असतात. तरीही आकडे बिघडत नाहीत, कारण परिवर्तकाची मोजपट्टीही त्याच ४.७ व्होल्टची असते. पट्टी आणि मोजपट्टी एकत्रच आखडतात, गुणोत्तर तेच राहतं. ही सोय मोडते ती दोघांना वेगवेगळी वीज दिल्यावर. उनोवर जॉयस्टिकला ३.३ व्होल्ट दिले तर आकडा ६७५ च्या आसपासच अडतो. उलटी चूक महागात पडते. ईएसपी ३२ किंवा पिको हे बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतात. मॉड्यूलवर ‘५ व्होल्ट’ छापलंय म्हणून जॉयस्टिकला ५ दिले, तर वायपर तेवढे थेट बोर्डाच्या पिनेत ढकलतो आणि पिन कायमची जाऊ शकते. पट्टीला ३.३ सुद्धा चालतात. छापलेल्या अक्षरांकडे खुशाल दुर्लक्ष करावं. या बोर्डांवर आकडा ४०९५ पर्यंत जातो, एवढाच फरक.

आता पुन्हा माझ्या पळपुट्या ठिपक्याकडे. कागदावर मध्य ५१२. माझी जॉयस्टिक सोडून दिल्यावर ४९८ सांगत होती, म्हणजे प्रोग्रॅमच्या मते कुणीतरी ती सतत किंचित डावीकडे दाबून धरली होती. दुसरी जॉयस्टिक घेतली असती तर तिने आणखी वेगळा आकडा सांगितला असता. म्हणून सुरुवातीलाच दहावीस वाचनं घेऊन त्यांची सरासरी हाच मध्य मानायचा. अट एकच, तेव्हा अंगठा काडीवर नको.

तेवढ्यानेही भागत नाही. काडी उजवीकडून परतली की एका जागी थांबते, डावीकडून परतली की जरा दुसऱ्या जागी. स्प्रिंगमध्ये आणि खोबणीत तेवढा ढिलेपणा असतोच. तेव्हा मध्याच्या दोन्ही बाजूंना वीसेक घरांचा मृत पट्टा ठेवायचा आणि त्यातला कुठलाही आकडा शून्य समजायचा. पट्ट्याबाहेर पडल्यावर ती वीस घरं वजा करायला विसरू नये, नाहीतर ठिपका कुणी ढकलल्यासारखा दचकून निघतो.

मग उरतात असमान बाजू. डावीकडे ४९८ घरं, उजवीकडे ५२५. दोन्हीकडून शंभरापर्यंतच वेग हवा असेल तर प्रत्येक बाजूचं गणित वेगळं. मी फरकाला १०० ने गुणून ५२५ ने भागलं आणि नवाच तमाशा सुरू झाला. काडी हळूहळू उजवीकडे नेली की वेग ६२ पर्यंत शहाण्यासारखा वाढायचा आणि पुढच्याच क्षणी उणे ६२. ठिपका उलटा धावायचा! उनोवरचा साधा पूर्णांक १६ बिटांचा, त्यात ३२७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. ३२७ गुणिले १०० मावतं, ३२८ गुणिले १०० मावत नाही, आणि संख्या गर्रकन फिरून ऋण होते. ३२ बिटांचा पूर्णांक वापरला आणि ठिपका शुद्धीवर आला. मधल्या काळात मात्र मी एक धडधाकट जॉयस्टिक खोलून बसलो होतो.

खोलल्यामुळे एक गोष्ट डोळ्यांनी पाहायला मिळाली: वायपर पट्टीला खरोखर घासत असतो. वर्षानुवर्षं घासून पट्टी झिजते, मध्य सरकत जातो आणि आकडे उड्या मारू लागतात. हॉल परिणामावर चालणाऱ्या जॉयस्टिकमध्ये हे घासणं नाही. तिथे काडीबरोबर चुंबक हलतो आणि संवेदक दुरूनच त्याचं क्षेत्र मोजतो. काडीला परत आणणारी स्प्रिंग मात्र तिथेही असते, त्यामुळे सुरुवातीची ती दहावीस वाचनं तिथेही घ्यावीच लागतात.