सुधारणावादी आणि ‘सुधारणावादी’

इटलीचा समाजवादी नेता जाकोमो मात्तेओत्ती याला लिओनिदा बिसोलातीच्या सुधारणावादी समाजवादी पक्षात नेऊन बसवायची लोकांची खोड काही जात नाही. थोडा दोष आपल्या लिपीचाही आहे. कॅपिटल अक्षरं नसल्यामुळे ‘सुधारणावादी’ हे विशेषण आहे की पक्षाचं नाव, ते कळत नाही. मात्तेओत्ती विचाराने सुधारणावादी, म्हणजे क्रांतीऐवजी सुधारणांनी हळूहळू बदल घडवावा या मताचा, होताच. पण सुधारणावादी समाजवादी पक्षात? कधीही नव्हता.

मूळचा इटालियन समाजवादी पक्ष १८९२ चा, जेनोवात जन्मलेला. तो बहुतेकांना ठाऊक असतो. सुधारणावादी समाजवादी पक्ष त्यातून १९१२ मध्ये निघाला, एकतावादी समाजवादी पक्ष १९२२ मध्ये. (फुटून निघायचं आणि नाव ‘एकतावादी’ घ्यायचं!) पहिल्यात बिसोलाती आणि बोनोमी, दुसऱ्यात तुराती, त्रेव्हेस आणि सचिव मात्तेओत्ती.

गोंधळ होतो तो राजवाड्यापाशी. १४ मार्च १९१२ ला इटलीच्या राजावर गोळीबार झाला, तो बचावला, आणि बिसोलाती, बोनोमी, काब्रिनी हे समाजवादी खासदार त्याचं अभिनंदन करायला क्विरिनाल या रोममधल्या राजवाड्यात गेले. जुलैत रेज्जो एमिलियाच्या अधिवेशनात त्यांना काढून टाकलं. ठराव मांडणाऱ्याचं नाव बेनितो मुसोलिनी, तेव्हा तोही समाजवादीच होता. दहा वर्षांनी, जुलै १९२२ मध्ये, तुरातीही त्याच राजवाड्यात राजाला भेटला, आणि ऑक्टोबरात त्याच्या गटाचीही हकालपट्टी झाली. वरवर वाचणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकच वाटतात.

पण तुराती गेला होता तो सरकार पडलेलं असताना, फॅसिस्टांना अडवण्यासाठी इतर पक्षांशी हातमिळवणी करून नवं सरकार बनतं का ते बघायला. बिसोलातीच्या बाबतीत राजाची भेट हे निमित्त होतं. खरी फूट युद्धावरून पडली होती. १९११ मध्ये इटलीने लिबियावर स्वारी केली, तिला आडवं जायला त्याचा गट तयार नव्हता. १९१५ मध्ये तर इटलीने महायुद्धात उतरावं म्हणून तो झटला आणि वयाच्या ५८ व्या वर्षी अल्पाइन सैनिकांत सार्जंट म्हणून आघाडीवर गेला. तुरातीने मात्र लिबियाला विरोध केला आणि १९१२ मध्ये तो जुन्या पक्षातच थांबला. मात्तेओत्तीने युद्धाविरुद्ध इतकं बोलून ठेवलं होतं की त्याला सैन्यात भरती करून आघाडीपासून लांब, सिसिलीत अडकवून ठेवलं. हा माणूस बिसोलातीच्या पक्षात एक दिवसही टिकला नसता.

माझा कल तुरातीकडे आहे, तरी बिसोलातीला निव्वळ युद्धखोर म्हणणं मला पटत नाही. एड्रियाटिक समुद्रापलीकडचा डाल्मेशिया प्रांत इटलीने गिळायच्या हट्टाला विरोध करून त्याने डिसेंबर १९१८ मध्ये मंत्रिपद सोडलं. पुढच्याच महिन्यात मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्याचं भाषण उधळून लावलं गेलं, आणि आरडाओरडा करणाऱ्यांत पुन्हा मुसोलिनी होता.

हे सगळं लक्षात राहत नसेल तर तारखा तरी बघा. बिसोलाती मे १९२० मध्ये वारला. मात्तेओत्तीचा पक्ष निघाला तो त्यानंतर दोन वर्षांनी, आणि मुसोलिनीला सत्तेवर बसवणारी फॅसिस्टांची रोमवर चाल त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी.