चोर सोडून संन्याशाला

१८९९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमधल्या एका बातमीदाराच्या लक्षात आलं, की किडा चावून तोंड सुजलेली माणसं इस्पितळात जरा जास्तच येताहेत. जूनमध्ये त्याची बातमी छापून आली आणि ‘किसिंग बग’ हे नाव सगळीकडे झालं. झोपेत ओठांवर चावणारा किडा! वर्तमानपत्रांना आणखी काय हवं? पाहता पाहता तो शहरोशहरी चावू लागला. संशयितांमध्ये एक ठळक नाव होतं रेड्युव्हियस पर्सोनॅटसचं. हा ‘मारेकरी ढेकूण’ (assassin bug) म्हणवणाऱ्या कुळातला, खाटेतल्या ढेकणांहून वेगळा.

ही जात काही नवी नव्हती. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्येच तिची नोंद केली होती. मूळची ती युरोपातली, पण माणसाच्या घरांतून राहत अमेरिकेतही पोचलेली. पूर्ण वाढलेला किडा साधारण दोन सेंटिमीटरचा, काळपट तपकिरी, नक्षी वगैरे काही नाही. खरी गंमत आहे ती पिल्लात. त्याच्या अंगावर चिकट केस असतात आणि मागच्या पायांनी ते धूळ, वाळूचे कण, धागेदोरे अंगावर ओढून घेतं. कोपऱ्यातला केर आपल्या पायांनी चालू लागावा, तसं दिसतं. कात टाकली की जुनं पांघरूण जातं, पुन्हा धूळ गोळा करायची. या सोंगात सावजाजवळ जायचं, सोंड खुपसायची आणि लाळ सोडायची. लाळेने सावज लुळं पडतं, आतलं सगळं पातळ होतं, मग ते शोषून घ्यायचं. खाटेतले ढेकूण हे त्याचं आवडतं खाणं. लिनियसनेही ते लिहून ठेवलंय.

थोडक्यात, माणसाचं रक्त हे याचं अन्नच नव्हे. चिमटीत धरलं तर मात्र स्वतःला वाचवायला चावतो, आणि कळ चांगलीच मस्तकात जाते. तेव्हा हा संन्यासी अगदीच गरीब होता असंही नाही. अमेरिकी कृषी खात्याचे कीटकशास्त्रज्ञ लेलंड हॉवर्ड यांनी त्याच वर्षी या प्रकरणावर लेख लिहिला. चावऱ्या ढेकणांच्या अनेक जाती त्यांनी एकेक करून तपासल्या आणि घबराटीचं बरंचसं माप वर्तमानपत्रांच्या पदरात घातलं.

त्या यादीत खरोखर रक्त पिणारी एक जातही होती, आज ट्रायटोमा म्हणतात त्या गटातली. दहा वर्षांनी, १९०९ मध्ये, ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांनी या गटातले ढेकूण एक जीवघेणा आजार पसरवतात हे दाखवलं. ‘किसिंग बग’ हे नाव पुढे या ढेकणांनाच कायमचं चिकटलं. आजारही शागास यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्याचा परजीवी चाव्यातून नव्हे, तर ढेकणाच्या विष्ठेतून शरीरात शिरतो.

दोघांतला फरक ओळखायला भिंग असलं तर उत्तम, पण नुसत्या डोळ्यांनीही जमतं. किडा उताणा करून सोंड बघायची. पर्सोनॅटसची आखूड, जाड आणि बाकदार असते. रक्तपित्यांची बारीक, सरळ, डोक्याखाली मिटून ठेवलेली. त्यांच्या पोटाच्या कडेला बहुधा लाल-नारिंगी पट्टेही असतात.

अशा पट्ट्यांची एक जात, ट्रायटोमा रुब्रोफॅशिएटा, आपल्याकडेही आहे. उंदरांच्या आसऱ्याने राहणारी ही जात जहाजांतून बंदरोबंदरी गेली. शागास यांचा शोध जाहीर झाला त्याच १९०९ साली मद्रासमध्ये डॉक्टर डोनोव्हन यांना हिच्या पोटात एक परजीवी सापडला. तो निघाला उंदरांचा.