शासनमुक्ती (विनोबांचा विचार) : बडोद्यातील जडणघडण

राज्यसंस्थेवाचून गावाने आपला कारभार एकमताने चालवावा, हा विनोबा भावे (१८९५–१९८२) यांचा विचार. अभ्यासक त्याला अहिंसक अराज्यवादात धरतात. मराठीत ‘अराजक’ म्हणजे गोंधळ, म्हणून तो शब्द इथे टाळलेला बरा.

या विचाराची मुळे ग्रंथांपेक्षा बडोद्याच्या घरात अधिक सापडतात. गागोद्यात जन्मलेला विनायक (पुढचे विनोबा) दहाव्या वर्षाच्या सुमारास बडोद्याला आला. वडील नरहर शंभुराव शिस्तीचे, मार नित्याचा. मुलगा सोळाव्यात लागला आणि मार थांबला, कारण सोळाव्या वर्षी पुत्राला मित्र मानावे हे वचन वडिलांनी अक्षरशः पाळले. मुदत भरताच शासन आपणहून सरले.

आई रुक्मिणीबाईंचा लाख तांदूळ वाहण्याचा नेम होता. वडील म्हणाले, तोळाभर दाणे मोजून हिशेब कर, वर अर्धा तोळा टाक. विनायकाने आईची बाजू घेतली: दाणा एकेक मोजायचा तो नामस्मरणासाठी, बेरजेसाठी नव्हे. १९१६ साली नोकरी करायचीच नाही म्हणून त्याने शाळेचे दाखले चुलीत घातले. २५ मार्चला इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईची गाडी धरली, पण सुरतेला उतरून काशीची वाट धरली. ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधींची भेट झाली.

१९५१ च्या भूदानातून, म्हणजे भूमिहीनांसाठी जमीन दान मागण्याच्या विनोबांच्या चळवळीतून, पुढे ग्रामदान निघाले. सुलभ ग्रामदानात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते, कसणे मूळ शेतकऱ्याकडे राहते. विसावा हिस्सा भूमिहीनांना, मणामागे शेर धान्य ग्रामकोषाला, निर्णय एकमताने. ७५ टक्के लोक आणि गावकऱ्यांची ५१ टक्के जमीन सामील झाली की ग्रामदान जाहीर.

घोळ होतो तो इथेच. सह्या पटापट जमतात. मालकीची कायदेशीर नोंद रेंगाळते आणि ग्रामसभा कागदावर उरते. शिवाय ज्याच्याकडून कर्ज घ्यायचे तोच सभेत समोर बसला, की गप्प राहणे संमतीत जमा होते. घरातले एकमत आणि सावकार असलेल्या गावातले एकमत एक नव्हे. विनोबांच्या मांडणीतला हा सर्वांत कच्चा दुवा.

आणीबाणीत मौनात असताना त्यांनी दाखवलेले ‘अनुशासन पर्व’ हे शब्द सरकारी प्रचाराने उचलले. शासन सत्तेचे, अनुशासन आचार्यांचे, हा त्यांचा खुलासा मागाहून आला. घोषणा तोवर सर्वत्र पोचली होती.